भजन मंडळाची पेटी दुरुस्त करायला कारागीर गावात येतो, त्याला मजुरीवर बक्षीस द्यावं का?

नाही, वेगळं बक्षीस द्यायलाच पाहिजे असा आपल्याकडे रिवाज नाही. ठरलेली मजुरी घासाघीस न करता त्याच दिवशी हातात द्या. आमच्या मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यावरून सांगतो. मजुरीशिवाय साधारण एवढं बघावं लागतं:

- एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं किंवा गाडीचं पेट्रोल
- दुपारचं जेवण
- नवीन रीड (पेटीत सूर काढणारी पितळी जीभ), भात्याचं कापड, आणि तबलाही दिला असेल तर त्याची पुडी (वरचं कातडं) आणि वादी (पुडी ताणून धरणारी चामड्याची दोरी) यांचे पैसे वेगळे

भाव पाडू नका, कारण पेटीचं काम दिसतं त्याहून फार नाजूक आहे. पितळी रीड टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. हात जरा जास्त चालला की ती रीडच वाया जाते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात आणि उंदरानं भाता कुरतडलेला असतो, ते निस्तरण्यात वेळ जातो तो निराळाच. एवढं करून माणूस निघाला तर दुपट्टा-नारळ द्यावा, तो मान आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पण मजुरी कापून त्याऐवजी दुपट्टा देऊ नये.

एक अपवाद: सप्ताह किंवा काकड्याच्या तोंडावर हातातली कामं सोडून तो धावत आला, रात्री बसून पेटी लावून दिली, तर वरचे पैसे जरूर द्या. ते मंडळाच्या वहीत लिहून, सर्वांसमोर द्या, म्हणजे पुढच्या वेळी नवीन माणूस हिशेबाला बसला तरी वाद होत नाही.