डब्यातली पावडर, थायरॉईडची गोळी आणि मिसळीचा कट

या खेपेला निम्म्याहून जास्त पत्रं वजनावरच आलीत, त्यातली तीन घेतली. पहिल्याला उत्तर लांबलंय, पण तसली गोष्ट आठवड्यातनं दोनदा तरी माझ्यासमोर येऊन बसते, म्हणून लांबू दिलं.

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी राजारामपुरीत राहते, वय ४२, उंची पाच फूट एक इंच. आमच्या भिशीतल्या एकीनं मला सकाळच्या क्लबला, म्हणजे वजन उतरवायला पावडरीचे शेक देतात तिथं, नेलं, तिथं मशीनवर उभं केलं आणि तुमच्या शरीराचं वय ५८ आहे असं सांगितलं, मी तर घाबरूनच गेले. मग दोन महिने सकाळ-रात्री शेक घेतला, ७१ चं साडेसहासष्ट झालं, सगळे विचारायला लागले काय केलंस म्हणून. पण महिन्याला साडेसहा हजार परवडेना, सोडलं आणि चार महिन्यात परत ७१. मला थायरॉईड आहे, गोळी चालू आहे, तरी शेक चालू असताना टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, वाढला की गोळी कमी पडतेय असं धरतात) ३ वरनं ९ ला गेला. आता ती म्हणते सोबत फॅट बर्नरची, चरबी जाळते म्हणून विकतात ती, कॅप्सूल पण घे. घेऊ का?

उत्तर : नको ताई, कॅप्सूल घेऊ नका. आणि त्या ५८ वयाचं टेन्शन तर आधी डोक्यातनं काढा. ते मशीन पायातनं बारीकसा करंट सोडतं आणि त्यावरनं चरबीचा अंदाज बांधतं, तुम्ही पाणी किती प्यायलात, चालत आलात की गाडीवरनं, यानं सुद्धा आकडा हलतो. त्यापेक्षा घरातली शिवणाची टेप घ्या आणि बेंबीच्या लेव्हलला पोट मोजा, आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० च्या वर गेलं की लक्ष घालायचं. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, साडेएकोणतीस येतो, आपल्या लोकांसाठी २५ पासनंच लठ्ठपणा धरतात, म्हणजे वजन उतरवायला पाहिजे हे खरंच आहे. एकट्या तुम्हीच नाही, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ ला देशातल्या २०.६ टक्के बायका २५ च्या पुढं होत्या, २०१९-२१ ला २४ टक्के.

आता शेकनं साडेचार किलो कसे गेले ते बघा, कारण डब्यात जादू होती असं तुम्हाला अजून वाटतंय. सकाळचे पोहे-चहा-खारी आणि रात्रीचं जेवण, दोन्ही मिळून साधारण हजार कॅलरीज धरू. त्याजागी दोन शेक, दोनशे-दोनशेचे. रोजच्या सहाशे वाचल्या, साठ दिवसांच्या झाल्या छत्तीस हजार, आणि एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७७०० कॅलरीज, करा भागाकार. साडेचारच्या आसपासच येतंय न्हवं? म्हणजे वजन तुम्ही सोडलेल्या जेवणानं उतरलं, पावडरीनं फक्त त्या जेवणाची जागा भरली, आणि जेवण परत आलं तसं वजनही आलं. डब्यावर बारीक अक्षरात ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लिहिलेलं असतं, ते वाचा एकदा. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी नंबर असला तरी ते फूड लायसन्स असतंय, वजन उतरतं याचं सर्टिफिकेट नव्हे.

खरी भानगड मला दिसते ती गोळीची. तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय की गोळी साडेसहाला आणि शेक सातला. या शेकमध्ये बहुतेक वेळा सोया असतं, वरनं कॅल्शियम-लोह घातलेलं असतं, आणि हे तिन्ही थायरॉक्सिन, म्हणजे तुमच्या गोळीतलं औषध, नीट शोषू देत नाहीत. गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्यानं घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासानं, आणि कॅल्शियम-लोहाचं काहीही असेल तर चार तासांचं अंतर. तुमच्या डॉक्टरांना डबाच नेऊन दाखवा, नाहीतर ते बिचारे डोस वाढवत बसतील. अजून एक, केसांसाठी बायोटिनची गोळी घेता म्हणालात, ती काही लॅबच्या तपासणीत टीएसएच खोटाच कमी दाखवते, तेव्हा रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा. आणि सगळं वजन थायरॉईडवर ढकलू नका, त्याच्या वाट्याचे दोन-चार किलो असतात, त्यातलंही बरंचसं मीठ-पाणी.

मग करायचं काय? रात्री एकच भाकरी, पण सोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी. मिसळ सोडा असं मी कोल्हापुरात राहून कुणाला सांगणार नाही, मी स्वतः रविवारी खाते. मिसळीतली मटकी चांगलीच आहे, फरसाण निम्मं आणि कट दुसऱ्यांदा मागायचा नाही. त्या लाल थराचा एक छोटा चमचा म्हणजे ४५ कॅलरीज, आणि वाढपी चमच्यानं वाढत नाही, वगराळ्यानं वाढतो. पहिलं टार्गेट साडेतीन किलोचं ठेवा, एवढ्यानंही शुगर-बीपीत फरक दिसतो.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, आधी तालमीत होतो, गुडघा गेल्यावर दोन वर्षं कुस्ती बंद. वजन १०४. जिममधल्या पोरानं व्हे (दुधातल्या प्रोटीनची पावडर) आणि फॅट बर्नर दिला. बर्नरच्या दोन गोळ्या खाल्ल्या आणि रात्रभर छाती धडधडत होती. सवय होईल म्हणतो तो. संध्याकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध अजून चालू आहे.

उत्तर : भावा, सवय लावून घ्यायची गोष्ट नाही ही. आजपासनं बंद, बाटली टाकू नकोस, डॉक्टरांकडं घेऊन जा आणि ईसीजी काढ. या गोळ्यांत कॅफिन किती हे ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचं स्वतःचं मिश्रण) अशा गोल शब्दात लपवलेलं असतं. ग्रीन टीचा अर्क असतो, त्यातला ईजीसीजी नावाचा घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढं गेला की लिव्हरचे आकडे वाढू शकतात, असं युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ ला सांगितलंय. त्याहून वाईट म्हणजे लेबलवर नसलेलं औषध. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हार्ट अटॅक-स्ट्रोकच्या धोक्यामुळं २०१० ला अमेरिकेत मागं घेतलं, २०११ ला आपल्याकडं बंदी आली, आणि तरी ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या कॅप्सूलमध्ये ते अजून सापडतंय.

व्हे वाईट नाही, पण तो काही जाळत नाही. आणि तुझं दूध बघ की, अर्धा लिटर म्हशीच्या दुधात जवळजवळ एका स्कूपएवढं प्रोटीन येतंय, फक्त त्यासोबत तीस-पस्तीस ग्रॅम फॅट आणि एकूण पाचशेच्या वर कॅलरीज. हजार जोर-बैठका मारणाऱ्याला ते जिरत होतं. तू तालीम सोडलीस, खुराक सोडला नाहीस. घरी तापवून साय काढून एक कप घे, कच्च्या दुधातनं ब्रुसेलोसिससारखे, जनावरांकडनं माणसाला होणारे, आजारही येतात. गुडघ्याला आधी पोहणं किंवा सायकल, रंकाळ्याच्या फेऱ्या नंतर.

प्रश्न : गार्सिनियाच्या कॅप्सूल म्हणजे आपलं आमसूलच ना? मग घ्यायला काय हरकत?

उत्तर : आमसुलाची चुलत बहीण म्हणा, केरळात माशाच्या कालवणात घालतात ती. कालवणात काही बिघडत नाही, कॅप्सूलमधला दाट अर्क घेऊन लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदवल्या गेल्यात, आणि वजनावर परिणाम नसल्यात जमा. सोलकढी प्या की सरळ, नारळाचं दूध जरा बेतानं.