कुस्ती सुटली, खुराक सुटेना

कुस्ती सोडलेल्या पैलवानांच्या घरून आणि खुद्द पैलवानांकडून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

आमच्या मालकांनी दोन वर्षांपूर्वी, चौतिसाव्या वर्षी कुस्ती सोडली. फडात उतरायचे तेव्हा वजन ९६ किलो होतं, आता १२१ आहे. खाणं काही वाढलेलं नाही, दोन लिटर दूध आणि शंभर ग्रॅम तूप पूर्वीइतकंच आहे. उलट थंडाई बंद केली. मग वजन का वाढतं? (वाळवा तालुका)

खाणं वाढलं नाही, पण मेहनत गेली आणि खाणं जागेवरच राहिलं. म्हशीच्या दोन लिटर दुधात सुमारे २००० उष्मांक असतात, १०० ग्रॅम तुपात ९००. बसून काम करणाऱ्या धिप्पाड माणसाला दिवसभरात जेवढे लागतात, तेवढे इथंच झाले. भाकरी, भात, मटण अजून ताटात यायचंच आहे. पहाटेचे जोर-बैठका आणि संध्याकाळची लढत होती तोवर हे सगळं जिरत होतं.

वजन वाढायला फार लागतही नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ ७७०० उष्मांक. रोज २७० उष्मांक शिल्लक राहिले तरी दोन वर्षांत २५ किलो होतात, आणि २७० उष्मांक म्हणजे फक्त ३० ग्रॅम तूप.

कमी करायचं ते क्रमानं. आधी तूप: महिनाभरात उतरवत दिवसाला दोन-तीन चहाचे चमचे. मग दूध: दोन लिटरवरून अर्ध्या लिटरवर, तेही साय काढून. दहा-बारा बदाम राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. अंडी, डाळ, उसळ, चिकन मात्र तोडू नका. ते तोडून उपास सुरू केले की आधी मांस झडतं, पोट तसंच राहतं. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झालं. त्याहून घाई केलेली टिकत नाही.

आणि मेहनत पूर्ण बंद ठेवू नका. बहुतेक जण लंगोट ठेवतात त्याच दिवशी व्यायामही ठेवून देतात आणि खुराक चालू ठेवतात. करायचं नेमकं उलट. रोज पाऊण तास झपझप चालणं, आठवड्यातून तीन दिवस हलके जोर आणि थोडी वजनं.

तपासण्या करून घ्या: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी). रक्तदाब मोजताना मोठा पट्टा मागा. पैलवानाच्या दंडाला नेहमीचा पट्टा आखूड पडतो आणि आकडा खोटाच जास्त दाखवतो. कंबर टेपने मोजा, ९० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर वजनकाट्याची वाट बघत बसू नका. अजून एक गोष्ट बायकोलाच कळते. झोपेत जोरात घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो का, आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का? मान १७ इंचांच्या वर असलेल्यांत हे नेहमी दिसतं. तसं असेल तर झोपेची तपासणी करा, आणि ती होईपर्यंत त्यांना रात्री गाडी चालवू देऊ नका.

मी तीन हंगाम इंजेक्शनं घेतली. कुस्ती सोडून दीड वर्ष झालं, लग्नाला दोन. मूल होत नाही. हे त्यामुळं असेल का? (नाव-गाव नको)

असू शकतं. ताकदीसाठी घेतलेल्या स्टेरॉइडमुळं शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं आणि शुक्रजंतूंची संख्या पार शून्यावरही जाते. औषध बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना दोन वर्षंही. वीर्यतपासणी आणि सकाळच्या रक्तातून टेस्टोस्टेरॉन आणि ते बनवायला लावणारी एलएच, एफएसएच ही हार्मोन्स एवढं तपासा. बायकोची तपासणीही त्याच वेळी होऊ दे, सगळं एकाच्याच माथी मारण्यात अर्थ नाही.

डॉक्टरांना औषधाचं नाव आणि किती दिवस घेतलं ते स्पष्ट सांगा. हे लपवलं तर आणखी बिघडतं: टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं म्हणून तेच इंजेक्शनातून दिलं जातं, आणि शुक्रजंतू आणखी दबतात. मूल हवं असताना वेगळी औषधं असतात. मूत्ररोगतज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञ गाठा, जिममधला जाणकार नको.

माझे दोन्ही कान मोडलेले आहेत, वीस वर्षं झाली. आता मुलगाही तालमीत जातो, त्याचा कान परवा सुजलाय. वस्ताद म्हणतात, सुई टोचून रक्त काढू. (कागल)

तुमचे कान सुईनं उतरणार नाहीत. तिथं आता रक्त नाही, घट्ट कूर्चा (कानातलं लवचिक हाड) तयार झालेली आहे. शस्त्रक्रियेनं आकार सुधारता येतो, पण ती दिसण्यापुरती. ऐकू कमी येत असेल तर आधी मळ बघून घ्या. मोडलेल्या कानाचं भोक अरुंद झालं की मळ साचतो.

मुलाचं मात्र आजच करा. कूर्चा आणि तिच्यावरच्या आवरणामध्ये रक्त साचलं की कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत ते काढलं तर कान वाचतो, आठवडा गेला की अवघड होतं. नुसतं रक्त काढून भागत नाही. जागा मोकळी राहिली की दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते, म्हणून कान-नाक-घशाचे डॉक्टर दोन्ही बाजूंनी बोळे टाके घालून दाबून ठेवतात, साधारण आठवडाभर. तालमीतली सुई नको. कूर्चेत पू झाला तर कानाचा आकारच जातो. कान पूर्ण बरा होईपर्यंत लढत बंद, नंतर कानपट्टा.

रोज हजार बैठका मारायचो. आता ४५ वय, गुडघे कुरकुरतात. बैठका चालू ठेवू का? (माण तालुका)

पूर्ण बैठक सोडा. टाचेवर बसेपर्यंत खाली गेलं की गुडघ्याच्या वाटीवर आणि गादीवर सगळ्यात जास्त दाब येतो. खुर्चीच्या उंचीपर्यंतच जा, २० चे तीन फेरे, आणि सायकल. गुडघा अडकत असेल, सरळच होत नसेल, तर गादी फाटलेली असू शकते. मग चोळणं बंद, एमआरआय करा. दुखण्याची गोळी महिनोन्महिने रोज घेत असाल तर रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठीची रक्ततपासणी) तपासा. पूल बांधणंही (डोकं टेकवून मानेवर अंग पेलणं) सोडा. मान वळवल्यावर हाताला मुंग्या येत असतील तर तो विषय आजच संपवा.

मुलगा २४ चा. जत्रांच्या फडांवर बऱ्यापैकी इनाम मिळतं. नोकरीमागं लागावं का? (करवीर)

लागावं, आणि आत्ताच. फडाचा पैसा जत्रांच्या हंगामाचा. पाऊस सुरू झाला की आटतो, आणि खांदा एकदा निखळला की अख्खा हंगाम जातो.

खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिक कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. पोलिसात फौजदार म्हणून नोकरी लागली १९५५ साली. १९८४ साली ते अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार त्यानंतर कित्येक वर्षांनी, मरणोत्तर. ऑलिंपिक पदकवाल्याची ही गत, तर गावच्या फडावर भरवसा ठेवून कसं चालेल?

सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. पण तिथं फडातल्या ढाली आणि गदा चालत नाहीत. मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावं लागतं. म्हणून वर्षाकाठी दोन-तीन फड सोडावे लागले तरी चालतील, पण गादीवरच्या (मॅटवरच्या) अधिकृत स्पर्धा खेळू द्या, आणि मूळ कागद लॅमिनेट न करता जपून ठेवा.

दुसरी वाट वस्तादकीची. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य, १९६४ ला टोकियो ऑलिंपिक. पुढं त्यांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पैलवानांच्या पिढ्या घडवल्या. मान मोठा आहे, पण त्यावर संसार चालेलच असं नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक अभ्यासक्रम केला तर शाळा, अकादमी, क्रीडा प्रबोधिनीची दारं उघडतात.

निवृत्त झालो, गावात छोटी तालीम काढायची आहे. हौद्याला माती किती लागेल? (शिराळा)

हौदा २० बाय २० फुटांचा धरा. एक फूट मातीला ४०० घनफूट, म्हणजे चार ब्रास. दीड फूट ठेवायची तर सहा ब्रास. शेतातली काळी माती नको, ओली झाली की चिकटते आणि वाळली की ढेकळं होतात. तांबडी माती आणा आणि बारीक चाळणीनं दोनदा चाळा. खडा, काच, खिळा राहता कामा नये. तळाला मुरूम घालून पाणी निघायला वाट ठेवा, आणि छप्पर आधी, माती नंतर.

ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर यांचं प्रमाण प्रत्येक तालमीचं वेगळं. तेल-ताकानं धूळ बसते आणि माती मऊ राहते, मुख्य काम तेच. एकदम ओतू नका. थोडं घाला, खोऱ्यानं उलथा, मुठीत दाबून बघा: मुटका वळला पाहिजे आणि बोटानं टोचताच फुटला पाहिजे. वळलाच नाही तर धूळ डोळ्यांत आणि छातीत जाईल. फुटला नाही तर माती जास्त ओली आहे, अंगाला चिकटेल. हौदा रोज उकरायचा. दोन दिवस राहिला तर माती बसते आणि पोरं गुडघे फोडून घेतात.

हळदीवर नायटा सोपवू नका. गजकर्ण असलेलं पोरगं बरं होईपर्यंत हौद्यात नको, दुसऱ्याचा लंगोट नको, लढतीनंतर लगेच साबणानं अंघोळ आणि लंगोट उन्हात. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं दोन दिवस खाज थांबवतात आणि पुढं चट्टा दुप्पट पसरतो.

पुढंमागं पैसे जमले की गादी घ्या. पूर्ण गादी १२ बाय १२ मीटरची, आत नऊ मीटर व्यासाचं वर्तुळ. एवढी जागा नसेल तर निम्मी पुरते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी अशा दोन विभागांतले विजेते शेवटी एकमेकांशी भिडतात, आणि एशियाड, ऑलिंपिकसारख्या त्यापुढच्या स्पर्धा गादीवरच असतात. मातीवर वाढलेलं पोरगं तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांचा हिशेब चुकून हरतं, ताकद कमी पडून नव्हे. म्हणून घड्याळ लावून लढती घ्यायला पहिल्या महिन्यापासूनच सुरुवात करा, मातीवर सुद्धा.