चाकाची खुर्ची आहे, पण ओटा उतरता येत नाही

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी बैलगाडी उलटून माझ्या यजमानांच्या मणक्याला मार लागला आणि त्यांचे दोन्ही पाय निकामी झाले. घर मातीचे, कवेलूचे आहे. ओटा दीड फूट उंच असून न्हाणी व संडास मागच्या अंगणात आहेत. चाकाची खुर्ची मिळाली, तरी मी आणि सासरे त्यांना उचलूनच नेतो, आणि सासरे आता थकले आहेत. घरात सोय करून घेण्यासाठी पैसे मिळतात का? ग्रामपंचायतीत ‘अशी योजना नाही’ एवढेच सांगितले.
– एक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, घरदुरुस्तीची योजना म्हणून विचारलेत, तर पुन्हा तेच उत्तर मिळण्याचा संभव आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद या तिन्ही संस्थांनी स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. त्यामुळे ‘दिव्यांगांच्या ५ टक्के निधीतून उतार व न्हाणीच्या सोयीसाठी साहाय्य मिळावे’ असा लेखी अर्ज तिन्ही ठिकाणी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका. अर्जाला दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागेल. ते नसेल तर आधी जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून घ्या, कारण बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावाचे स्वउत्पन्न दोन लाख रुपये असेल तर हा निधी १०,००० रुपयेच होतो आणि तो गावातील सर्व दिव्यांगांत वाटला जातो. म्हणूनच केवळ ग्रामपंचायतीवर विसंबू नका. निधी किती होता व कोठे खर्च झाला, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारता येते आणि त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते.

घर कच्चे असल्याने घरकुलासाठीही नाव लावा. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण सपाट भागासाठी १,२०,००० रुपये मिळतात, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने घरवाटपाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण दिले आहे. घरकुल मंजूर झाले तर जोत्याची उंची आणि दारांची रुंदी पाया खोदण्याआधीच ठरवा, नाहीतर नव्या घरातही हीच अडचण उभी राहील.

बांधकामाबद्दल माझा आग्रह आहे. मिस्त्री जागा वाचवण्यासाठी उतार चढा करतात, आणि तो चढवताना खुर्ची मागे उलटण्याची भीती असते. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरले, तर तुमच्या दीड फूट ओट्याला १८ फूट लांब उतार लागेल. अंगण अपुरे असल्यास मध्ये सपाट जागा ठेवून तो वळवता येतो. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट असावी. न्हाणीतील आधाराचा दांडा मात्र अंदाजाने ठोकू देऊ नका. यजमानांना खुर्चीत बसवून, त्यांचा हात जेथे सहज पोचेल तेथेच मिस्त्रीकडून खूण करून घ्या.