जुन्या गाडीचे सुटे भाग घेताना

जुनी मारुती ८०० स्वतः दुरुस्त करण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. गाडीची पुरेशी माहिती असूनही दुकानात भलताच भाग हातात पडतो, ही तुमची तक्रार रास्त आहे. मात्र विक्रेत्याशी इंजिनाच्या रचनेवर वाद घालण्यात काही हशील नाही, कारण त्याला तुमचे ज्ञान नको असते, गाडीचा आणि भागाचा नंबर हवा असतो.

ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत होती आणि मधल्या काळात कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या यांत्रिक भागाची) जागा एमपीएफआयने, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, घेतली. त्यामुळे ‘८००चा पेट्रोल पंप द्या’ एवढे सांगून भागत नाही: जुन्या गाडीत तो इंजिनवर बसवलेला यांत्रिक पंप असतो, तर नंतरच्या गाडीत टाकीतला विजेवर चालणारा. म्हणून चॅसी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) आणि उत्पादनाचा महिना लिहून न्या. जुना भाग रॉकेलने धुऊन, त्यावरचा नंबर वाचता येईल असा करून, सोबत ठेवा. नवा भाग बसेपर्यंत तो भंगारात देऊ नका.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोनच. ‘चालतंय हो, बसेल’ या आश्वासनावर विसंबून पैसे देणे ही पहिली. इलेक्ट्रिकल माल बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत, तेव्हा कनेक्टरच्या पिना काउंटरवरच जुळवून पाहा. दुसरी चूक म्हणजे ब्रेकच्या भागांत काटकसर. दाराची मूठ किंवा आरसा जुन्या बाजारातून खुशाल घ्या, ब्रेकचे रबर मात्र नवे, सीलबंद आणि पक्क्या बिलासहितच घ्यावे.

पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत जाणे टाळा.