मुले बोलत नाहीत, म्हणजे मीच कमी पडते का?

परदेशात बालवर्गाला इंग्रजी शिकवायला गेलेल्या तरुण मुली गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्याकडे एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत घेऊन येतात: "दिवसभर मी बोलते आणि मुले गप्प असतात, संध्याकाळी खोलीत मी गप्प असते. माझे काही चुकते आहे का? मी परत यावे का?" ज्या एका शिक्षिकेमुळे हा प्रश्न मला नीट कळला, तिची हकीकत तिच्या परवानगीने येथे लिहीत आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ती २६ वर्षांची, इंग्रजीत एम. ए. झालेली आणि नंतर बालशिक्षणाची पदविका घेतलेली. थायलंडच्या ईशान्य भागातील एका खासगी शाळेत 'अनुबान'च्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या तीन इयत्तांतल्या मुलांना ती इंग्रजी शिकवत होती. त्या भागाला तिथले लोक 'ईसान' म्हणतात, तो आपलाच 'ईशान'. शिक्षकाला 'ख्रू' म्हणतात, तो आपला 'गुरू'. हे ओळखीचे शब्द ऐकून आरंभी तिला बरे वाटले होते. मेच्या मध्याला शाळा सुरू झाली आणि ऑगस्टच्या अखेरीस तिने माझ्याशी पहिल्यांदा ऑनलाइन संपर्क साधला, तेव्हा बोलता बोलता तिला रडू आवरेना. "मॅडम, साडेतीन महिने झाले. एक मूल आपणहून एक वाक्य बोलत नाही. बाबा विचारतात, एवढे शिकून तू तिकडे गाणी म्हणायला गेलीस का? मला उत्तरच सुचत नाही."

परदेशातून कोणी असे बोलले की मी आधी दोन गोष्टी तपासते. पहिली म्हणजे झोप, भूक, रोजच्या कामातील रस आणि जीव नकोसा वाटणे. हे दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले असेल, तर केवळ समुपदेशनावर न थांबता मनोविकारतज्ज्ञाकडे जावे लागते, आणि जिवाला धोका वाटत असेल तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी लागते. दुसरी गोष्ट कागदपत्रांची. नोकरीसाठीचा 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा आणि कामाचा परवाना हातात आहे का, दर ९० दिवसांनी पत्त्याची नोंद दिली जाते का, हे मी स्पष्ट विचारते. कारण पर्यटक व्हिसावर वर्गात उभे केलेल्या माणसाची बेचैनी श्वसनाच्या व्यायामाने जात नाही आणि जाऊही नये. हिचे कागद व्यवस्थित होते. झोप थोडी विस्कटली होती, पण वर्गात शिरल्यावर तिचे मन रमत होते.

यानंतर माझ्याकडून चूक झाली. मी हे घरच्या ओढीचे दुखणे समजले. मानवशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये परक्या संस्कृतीच्या धक्क्याचे जे वर्णन केले आहे, त्यात आरंभीच्या कौतुकानंतर येणारा कठीण काळ आहे; पाण्याची आणि अन्नाची वाजवीपेक्षा जास्त काळजी, शून्यात लागलेली नजर आणि घरी परतण्याची तीव्र ओढ ही त्याची लक्षणेही आहेत. तिच्या बोलण्यात यांतले बरेच काही सापडत होते, म्हणून मी तिला आईशी रोज बोलण्यास सुचवले. तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "आईला काळजी वाटू नये म्हणून मी रोज अर्धा तास हसत बोलते आणि फोन ठेवल्यावर जास्तच थकते." दिवसभर मुलांपुढे उत्साही चेहरा ठेवणाऱ्या मुलीला मी रात्रीही तेच करायला लावले होते.

मग मी तिला एका दिवसात तोंडून गेलेली वाक्ये जमतील तेवढी लिहून काढायला सांगितले. "बसा." "हात धुवा." "हा कोणता रंग?" "छान!" सगळी वाक्ये एक ते तीन शब्दांची, तीही मुद्दाम घडवलेल्या उच्चारात, कारण शाळेने जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर'ला, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्याला, पसंती दिली होती आणि आपला भारतीय उच्चार पालकांच्या लक्षात येईल अशी धास्ती तिने मनात धरली होती. साहित्य शिकलेल्या या मुलीने पूर्ण लांबीचे, मनातले, मोठ्या माणसाशी बोलायचे वाक्य चार महिन्यांत क्वचितच उच्चारले होते. तिची माणसे तिच्यापासून दूर होतीच, पण त्याहून अधिक ती स्वतःच्या प्रौढ भाषेपासून तुटली होती, आणि हे एकटेपण तिने मुलांच्या गप्प राहण्याला चिकटवले होते: मुले बोलत नाहीत, म्हणून मी व्यर्थ.

मुलांच्या मौनाविषयी बालशिक्षणात पुष्कळ विचार झालेला आहे. नव्या भाषेत पडलेले लहान मूल काही आठवडे, कधी अनेक महिने, केवळ ऐकते. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्या १९८० च्या दशकातील लेखनामुळे हा 'मूक काळ' शिक्षकांच्या परिचयाचा झाला. तिच्या वर्गातली बरीच मुले तर घरी लाओला जवळची ईसानी बोलत, शाळेत थाई शिकत आणि त्यावर ही इंग्रजी येऊन पडत होती. काहींचे आईवडील कामासाठी बँकॉकला, मुले आजीआजोबांजवळ. चार वर्षांच्या जिवाने तिसऱ्या भाषेत लगेच तोंड उघडावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मात्र जे मूल घरच्या भाषेतही बोलत नाही, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळत नाही, त्याच्या मौनाला मूक काळ समजू नये. त्याच्या घरच्यांना वेळेवर कळवून श्रवणाची तपासणी करून घ्यावी.

मी तिला दहा दिवसांचे एक काम दिले. मुले काय बोलली हे लिहायचे नाही, ऐकून त्यांनी काय केले ते लिहायचे. आणि सूचना देताना हातवारे करायचे नाहीत, म्हणजे मुलांना शब्द कळतात की नुसते हावभाव, ते दिसेल. मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीतही मुलाला बोलायला न लावता शरीराने प्रतिसाद देऊ देतात, त्यामुळे हे तिला नवीन नव्हते, फक्त स्वतःच्या वर्गाकडे तिने तसे पाहिले नव्हते. दहाव्या दिवशी तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली. २४ पैकी १७ मुले "हात धुवा" म्हणताच नळाकडे जात होती. वर्षभर तोंड न उघडणार अशी जिच्याबद्दल तिची खात्री होती, ती मुलगी दुपारी झोपायच्या वेळी आपल्या बाहुलीला चटईवर निजवून, तोंडावर बोट ठेवून, अगदी हिच्याच सुरात "शू... स्लीप" म्हणाली होती. हे सांगताना तिचा आवाज भरून आला आणि मलाही गप्प राहावे लागले.

त्याच बैठकीत मी तिला विचारले, "तुला थाई किती येते?" ती म्हणाली, "काहीच नाही." पण मदतनीस शिक्षिका रोज दुपारी "किन खाओ रू यांग" म्हणते, त्याचा अर्थ "जेवलीस का?" हे तिला ठाऊक होते, आणि उत्तरादाखल ती नुसती मान हलवत असे. म्हणजे कळत होते, तोंड उघडत नव्हते. पुढच्या आठवड्यापासून तिने त्या शिक्षिकेला तिथल्या रीतीने 'पी', म्हणजे ताई, अशी हाक मारून मोडक्या थाईत उत्तर द्यायला सुरुवात केली. पीने तिला शनिवारच्या बाजारात नेले. घडवलेला उच्चार तिने सोडला. शाळेत कोणी काही म्हटले नाही. आठवड्यातून एकदा एम. ए.च्या मैत्रिणीशी तासभर वाचलेल्या पुस्तकांवर बोलायचे ठरले, आणि आईचा फोन आठवड्यातून दोनदा, पण खरे सांगण्याचा. पहिल्या खऱ्या फोनवर आई थोडा वेळ काहीच बोलली नाही आणि मग म्हणाली, "मला वाटायचंच गं. तू फार हसायचीस."

वडिलांच्या प्रश्नाला मी तिला महाराष्ट्रातूनच एक आधार दिला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले. मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ज्या कामातून 'अंगणवाडी' हा शब्द देशाला मिळाला, त्यात गाणीही होती, गोष्टीही होत्या, आणि त्याला कोणी फुकटचा उद्योग म्हणत नाही. वडिलांना हे किती पटले हे मला सांगता येणार नाही.

परत यावे का, याचे उत्तर मी तिला दिले नाही. ऑगस्टमध्ये तिने परतायचे ठरवले असते, तर ते आपण नालायक आहोत असे मानून घेतलेले पाऊल ठरले असते, आणि तेवढे मला टाळायचे होते. मार्चमध्ये वर्ष संपले तेव्हा तिच्यापुढचे प्रश्न निराळे होते: पगारातून शिल्लक किती राहते, या अनुभवाला इथल्या शाळा किती मोल देतील, वडिलांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी घरी कोण असेल. ते प्रश्न ती सुट्टीत घरी येऊन आईवडिलांसमोर बसून सोडवणार होती. निघण्यापूर्वीच्या बैठकीत तिने पीकडून शिकलेले एक थाई बडबडगीत मला म्हणून दाखवले, आणि दोन ओळींनंतर अडखळली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.