पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री ॲपवर टॅक्सी बुक केली, तर ती वेळेवर येईलच याची खात्री धरावी का?

पूर्ण खात्री धरू नका. आदल्या रात्री 'बुकिंग झाले' असा संदेश आला, तरी बहुतेक वेळा तेव्हा गाडी ठरलेली नसते. ॲपने फक्त तुमची वेळ नोंदवलेली असते, चालकाचा शोध निघण्याच्या थोडा वेळ आधी सुरू होतो. पहाटे चार वाजता रस्त्यावर चालकच कमी असतात. त्यात एखादा लांबून रिकामी गाडी आणायला नको म्हणून रद्द करतो, आणि तुमची सगळी गणितं कोलमडतात. माझं एक विमान असंच चुकलं आहे, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

अशा वेळी ओळखीचा टॅक्सीवाला किंवा फोनवर बुकिंग घेणारी एजन्सी मला जास्त भरवशाची वाटते. चालकाचं नाव, नंबर आणि गाडीचा क्रमांक रात्रीच मागून घ्या, झोपण्यापूर्वी त्याच्याशी स्वतः बोला. ॲपच वापरायचं असेल तर गाडी गरजेपेक्षा पाऊण तास आधीची सांगा. 'पाच मिनिटांत पोहोचेल' हा निव्वळ अंदाज असतो. नकाशावर गाडी जागची हलत नसेल तर लगेच फोन करा.

दिवसा, गजबजलेल्या भागात मात्र एवढी काळजी लागत नाही.