बर्फाचं कोटेशन: फोटोत काय दिसतं आणि काय नाही

तुम्ही लिहिलंत की सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, सिंहगड रोडला एका सर्व्हेअरकडे तीन वर्षं मोजणी आणि ऑटोकॅड करताय, आणि कॅनडात बर्फ काढणाऱ्या कंपन्यांना हवाई फोटोवरून जागा मोजणारी माणसं लागतात असं कळलंय. त्या जोरावर यावं का? मी धायरीची, आता कॅनडातल्या मिसिसागा शहरात हेच काम करते, म्हणून सविस्तर सांगते.

काम खरंच आहे. हिवाळ्याची कंत्राटं इथे उन्हाळ्यातच ठरायला लागतात. थोड्या आठवड्यांत ढिगाने जागांची कोटेशनं द्यायची असतात, प्रत्येक ठिकाणी टेप घेऊन कोण जाणार? मग नीअरमॅपसारख्या सेवेचे ताजे हवाई फोटो घ्यायचे, नाहीतर फुकटातलं गूगल अर्थ प्रो, आणि डांबराच्या कडेने रेघ ओढत क्षेत्रफळ काढायचं. पार्किंग वेगळं, फुटपाथ वेगळा, कारण एकीकडे ट्रकचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारं पातं, चालतो आणि दुसरीकडे माणूस फावडं घेऊन उभा असतो. बर्फ वितळवायला टाकतात त्या मिठाचा हिशोबही क्षेत्रफळावरच. दोन एकरांचं पार्किंग म्हणजे आपले 80 गुंठे, 87,120 चौरस फूट. त्यावर एक इंच बर्फ पडला तरी 7,260 घनफूट माल हलवायचा असतो.

या सॉफ्टवेअरवर तुमचा हात आठवड्यात बसेल. पण स्पष्ट सांगते, नुसती रेघ ओढायला कुणी तुम्हाला विमानात बसवून आणणार नाही. ते काम पुण्यात बसूनही होतं. इथे किंमत आहे ती फोटोत न दिसणारं ओळखणाऱ्या नजरेला.

माझीच चूक सांगते. पहिल्या वर्षी दवाखान्यांच्या एका इमारतीचं कोटेशन मी फोटोवरून काढलं. फोटो भर उन्हाळ्यातला, मागच्या बाजूला मेपलची झाडं पानांनी गच्च. त्यांच्याखाली पाच फुटी फुटपाथ होता आणि शेवटी सात पायऱ्या, मागच्या दारापर्यंत. मला दिसली ती फक्त हिरवळ. पहिल्या बर्फात पहाटे तीनला फावडंवाल्या मुलाचा फोन आला, "ताई, हे कागदावर नाहीये." त्याच्या आवाजातला थकवा मला अजून आठवतो. ठरल्या पैशात पूर्ण हंगाम त्या पायऱ्या साफ कराव्या लागल्या.

तेव्हापासून मी आधी फोटोची तारीख बघते, मग पानं नसलेल्या दिवसांतला जुना फोटो शोधते. उंच इमारत फोटोत एका बाजूला कलते आणि तिकडचा फुटपाथ झाकते, हे तुम्हाला सर्व्हेमुळे लगेच समजेल. हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचे नळ), लोडिंगची दारं, गटाराच्या जाळ्या नकाशावर मांडायच्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ढीग कुठे लावायचा. उताराच्या वरच्या अंगाला लावलात तर दिवसा बर्फ वितळून पाणी पार्किंगभर वाहतं, रात्री गोठतं आणि सकाळी एखादी म्हातारी बाई त्यावर घसरते. ऑन्टारिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, 2021 पासून बर्फावर पडून इजा झालेल्याने साधारणपणे 60 दिवसांत लेखी कळवावं लागतं. तसं पत्र आलं की आपला नकाशा आणि त्या दिवशीच्या कामाची नोंदच बाहेर काढतात. म्हणून नकाशात एक दार चुकणं ही छोटी गोष्ट नसते.

यायचं असेल तर शिक्षण, भाषेचे गुण आणि कायम वास्तव्याचा मार्ग नीट बघून या, एका हंगामी कामाच्या भरवशावर नको. आणि कुणी "एलएमआयएची फी भरा, नोकरी पक्की" म्हणत लाखो रुपये मागितले तर तिथूनच परत फिरा. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवण्यासाठी मालकाने सरकारकडून घ्यायची मंजुरी. ती फी मालकाने भरायची असते, कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे.

तोवर एक करा. प्रभात रोडची एखादी गल्ली आणि तुमच्या सोसायटीचं पार्किंग गूगल अर्थवर मोजा. रविवारी सकाळी गर्दी नसताना टेप घेऊन तेच परत मोजा. जिथे आकडे जुळले नाहीत तिथे का जुळले नाहीत ते लिहा, झाड, सावली की छज्जा. दोन्ही नकाशे मला पाठवा, मी एकेक रेघ तपासून देईन.